काचेतली ओळ

पट्टीचं डावं टोक उचललेलं होतं. फार नाही, नखभर. चिकटपट्टी जुनी झाली की पिवळी पडते, ताठरते आणि कडेनं आपसूक सुटते, हे रत्नमालेला कळत नव्हतं असं नाही. पण आपसूक सुटलेलं टोक वर वळतं, आणि हे टोक कुणीतरी उचलून, खाली डोकावून, पुन्हा अंगठ्यानं दाबून बसवल्यासारखं सपाट होतं. पट्टीखालच्या कागदावर निळ्या शाईतलं अक्षर तिचंच होतं. ०१ ठीक, ०२ पुन्हा तपासा, ०३ रोखून ठेवा. चौतीस वर्षं होऊन गेली, पण 'ठ'ची गाठ ती अजूनही अशीच काढते.

दिवाणखान्यातल्या टेबलावर कालपर्यंत प्लॅस्टिकच्या फुलांची परडी होती; आता तिथं हे टर्मिनल लांबच्या आत्याबाईसारखं ऐसपैस बसलं होतं – फुगीर काच, मळक्या दुधाच्या रंगाचा डबा, मागं लोंबणारी जाड वायर, आणि समोर सुटा कीबोर्ड, ज्याच्या माथ्यावर ती पट्टी. प्रणयनं ते काल पैठणहून गाडीत घालून आणलं, जेवायलाही धड उठला नाही, धूळ झटकत आणि आतले काही भाग बदलत बसला, आणि सकाळी चहाच्या वेळी काचेवर हिरवा चौकोन लुकलुकायला लागला तेव्हा आईला हाताला धरून घेऊन आला. गोकुळकाकांनी मुद्दाम तिच्यासाठी दिलंय, म्हणाला. कंपनीनं जुना माल भंगारात काढला तेव्हा त्यांनी लिलावात घेतलं होतं, कधीच.

"मला म्हणाले, आईला दाखव. तिला ओळखू येईल."

ओळखू येईल... काय ओळखू येईल? आणि ज्या कंपनीनं घरी बसवलं तिच्याच दारात लिलावाला उभं राहून असलं धूड कोण विकत घेतं? पंचवीसेक वर्षं सांभाळतं? आणि नेमकं काल, स्वतः यायच्या आदल्या दिवशी, आमच्या घरात पाठवून देतं?

आज रविवार. पाच वाजता गोकुळ येणार होता, बायकोला आणि मुलीला घेऊन. मुलगी संस्कृती, शेंद्र्याला प्रणयच्याच कंपनीत. तीन वर्षं दोघं एका विभागात आहेत आणि आता लग्न करायचं म्हणतात. रत्नमालेनं तिला दोनदा पाहिलं होतं. आवडली होती – मोकळी हसते, कप उचलून स्वतः विसळते. बापाचं नाव मात्र प्रणयच्या तोंडून परवा पहिल्यांदा निघालं. पैठणला एसटी स्टँडजवळ झेरॉक्सचं आणि टायपिंगचं दुकान आहे, आधी चिकलठाण्याला होते, तुझ्याच कंपनीत, ओळखतेस का? रत्नमाला मेथी निवडत होती. म्हणाली, असतील, खूप लोक होते. खूप कसले, प्रयोगशाळेत मोजून चौघं होते.

आणि प्रणय पुढं म्हणाला होता, त्यांची काही हरकत नाही. आपण बौद्ध, ते पाटलाच्या घरातले, तरी त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. हरकत नाही? त्याची? मी उठले की माझी बोटं लागलेल्या कीबोर्डाच्या कळा पुसून मग बसणाऱ्या माणसाची हरकत नाही?

खाली नळ खाकरला. आज आठव्या दिवशी पाणी यायचं होतं आणि पाहुण्यांच्याच दिवशी आलं हे नशीबच. ती लगबगीनं मोरीत गेली, नळी पिंपात सोडली आणि काठाशी उभी राहिली. पाणी भरताना सुचत नाही असं काही नसतं.

सकाळी प्रणयनं सगळं समजावून सांगितलं होतं, ती सात वर्षं त्या यंत्रासमोर बसलेली असून. सांगताना त्याचा चेहरा अगदी लहानपणीसारखा झाला होता. चोवीस ओळी, एका ओळीत ऐंशी अक्षरं, त्यापलीकडं त्याला जग नाही. हा कॉम्प्युटरच नव्हे म्हणाला. ह्याच्या पोटात काहीच नसतं. कॉम्प्युटर वरच्या मजल्यावर, थंड खोलीत. तू कळ दाबलीस की अक्षर वायरीतून वर जायचं, वरचा कॉम्प्युटर ते परत पाठवायचा, तेव्हा कुठं तुला दिसायचं. आणि हे बघ, तुमचा फॉर्म काचेतच जळून बसलाय... रोज तीच अक्षरं त्याच जागी उमटत राहिली की आतला लेप तेवढ्यापुरता करपतो, मग यंत्र बंद असलं तरी तपकिरी दिसत राहतात. खरंच दिसत होती. इंग्रजीत – बॅच नंबर, तारीख, निकाल. त्यात नवल कसलं, तेव्हाही दिसायची. प्रयोगशाळेतला शिपाई, कारभारी, सकाळी झाडताना म्हणायचा, ताई, मशीन बंद आसलं तरी बोलतंयच बघा.

मग प्रणय म्हणाला, आता ह्याला वरचा कॉम्प्युटर नाही, म्हणून मी 'लोकल'वर टाकलंय.

"म्हणजे?"

"म्हणजे तू टाइप करशील ते नुसतं काचेवर दिसेल. जाणार कुठंच नाही. हे वरचं बटण बघ, एकदा दाबलं की लोकल, परत दाबलं की लाइनवर."

वरच्या रांगेत, डावीकडून दुसरं. त्याच्या शेजारचं पहिलं बटण मागच्या रकान्यात जाण्यासाठी. ते ती दिवसातून पन्नासदा दाबायची. दुसऱ्याबद्दल कॉम्प्युटर विभागातल्या माणसानं दोन दिवसांच्या शिकवणीत एवढंच सांगितलं होतं की ते बटण आपलं नाही, त्याला हात लावायचा नाही. का, ते त्यानं सांगितलं नाही, तिनंही विचारलं नाही. आपल्या नसलेल्या गोष्टींना हात न लावायची सवय तिच्या घराण्याला पुष्कळ होती, नवीन शिकायची गरज नव्हती.

पिंप भरलं. तिनं नळी दुसऱ्यात घातली.

कंपनी इंजेक्शनच्या बाटल्यांची रबरी बुचं करायची. बुचं एकमेकांना चिकटू नयेत म्हणून शंखजिरं वापरायचे. ती पांढरी पूड हवेत, केसांत, चहात, सगळीकडं. रत्नमाला पहिल्या पाळीला, सात ते तीन. बायकांना पहिलीच पाळी, म्हणून ती कायम सकाळी आणि गोकुळ कायम दुपारी. तो तिच्यापेक्षा दोन वर्षांनी लहान, उंच, कमी बोलणारा. तीनला पाच कमी असताना यायचा, खिशातून पिवळं फडकं काढायचा, टर्मिनल बंद करायचा, एकेक कळ पुसायचा, चालू करायचा आणि मग खुर्चीत टेकायचा. पाणी स्वतःच्या बाटलीतून प्यायचा, प्रयोगशाळेतल्या माठाला कधी शिवला नाही. सगळे तिला ताई म्हणायचे, हा मॅडम म्हणायचा. सुपरवायझर नानासाहेबांनी तर पहिल्याच दिवशी, पूर्ण नाव काय तुमचं, असं आडनावावर रेंगाळत विचारलं होतं आणि कळल्यावर 'अच्छा' म्हणाले होते. तो 'अच्छा' तिनं ओळखला, लहानपणापासून ओळखत होती. गोकुळनं कधी विचारलं नाही. तिला वाटायचं, विचारायचं कशाला, त्याला आधीच माहीत असणार.

तो दुसऱ्या कुणानंतरही कळा पुसतो का, हे पाहायला ती तिथं कधी असणारच नव्हती. तिच्या रजेच्या दिवशी नानासाहेब बसायचे. त्यांच्यामागून पुसायचा का? तेव्हा कारभारीला विचारता आलं असतं... विचारलं नाही. उत्तराची खात्रीच होती ना.

आणि मग ती बॅच. चव्वेचाळीस एकाहत्तर. गळतीच्या चाचणीत नापास झालेली. तीनला दहा कमी असताना रत्नमालेनं नोंद केली – बॅच नंबर, तारीख, निकाल शून्य तीन, रोखून ठेवा – आणि पर्स उचलून निघाली, कारण प्रणय दहा महिन्यांचा होता, सकाळपासून तापानं फणफणला होता, आणि सासूबाई कडूबाईंनी शेजारच्या दुकानातून दोनदा फोन करवला होता. दुसऱ्या दिवशी ती बॅच ट्रकमध्ये चढली. महिन्यानं सगळा माल परत आला, मोठं गिऱ्हाईक तुटलं, चौकशी बसली. कॉम्प्युटरमध्ये तिच्या त्या दिवसाच्या सात नोंदी सापडल्या. आठवी नव्हतीच.

मी केली होती. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. फॉर्म भरला की तळाच्या ओळीत यायचं – रेकॉर्ड सेव्ह्ड – ते पाहूनच उठायचं, असा माझा नेम होता.

मग नोंद गेली कुठं? कारभारीनं सांगितलं, ताई गेल्यावर गोकुळभाऊनं मशीन बंद करून चालू केलं, म्या सोता पाह्यलं. कॉम्प्युटरवाल्यांनी सांगितलं, टर्मिनल बंद करून नोंद जात नाही, पण गोकुळकडंही पासवर्ड आहे, त्याला ती खोडता येते. एवढ्यावर काही शाबीत झालं नसतं. पण तेव्हा रत्नमाला उठून उभी राहिली आणि त्या सहा साहेबांसमोर, आयुष्यात पहिल्यांदा, ते बोलली. फडकं. बाटली. हा माणूस माझ्यानंतर कळा पुसल्याशिवाय बसत नाही, मला इथून घालवायचं म्हणून त्यानं हे केलं. साहेबांचे चेहरे उतरले – बॅचसाठी नव्हे, दुसऱ्याच भीतीनं, प्रकरण बाहेर गेलं तर काय म्हणून – आणि आठ दिवसांत गोकुळ घरी गेला. तो एवढंच म्हणाला होता, "मी नाय खोडलं ओ मॅडम." तिच्याकडं बघून म्हणाला, साहेबांकडं नाही. त्या बघण्यात तिला तेव्हा मस्ती दिसली होती.

तिचा नवरा धम्मपाल त्या संध्याकाळी सायकलवरून पेढे घेऊन आला होता. तू बोललीस, म्हणाला. आपल्यात कुणी बोललं नव्हतं तिथं, तू बोललीस. चार वर्षांपूर्वी तो गेला; फोटोत हसतोय. त्यानं हे नातेवाइकांना, वस्तीत, प्रणयच्या शाळेतल्या शिक्षकांनासुद्धा सांगितलं, फक्त त्या माणसाचं नाव न घेता. प्रणय ते ऐकतच मोठा झाला. आणि ते खोटं नव्हतं. नानासाहेबांचा तो 'अच्छा' काही तिच्या मनानं रचला नव्हता.

पाणी बंद झालं. अडीच पिंपं. पुरेल.

जेवणं उरकून प्रणय गुलमंडीवर इमरती आणायला गेला, आणि घरात ती आणि ते यंत्र दोघंच उरली. तिनं ठरवलं होतं की त्याच्याकडं बघायचं नाही. उशांचे अभ्रे बदलले, कपबश्या काढल्या, मग अभ्रे पुन्हा सरळ केले. त्या टोकानं मात्र पाठ सोडली नाही. शेवटी तिनं प्रणयला फोन लावला आणि उगाच आवाज हलका ठेवून विचारलं की कीबोर्डावरची पट्टी तू उचकटलीस का.

"मी कशाला काढू? तुझं अक्षर आहे ना ते," तो म्हणाला. मागं गिऱ्हाइकांचा गलका होता. "का गं?"

काही नाही, म्हणून तिनं ठेवला.

म्हणजे गोकुळनं. तो सगळं शोधून काढून येतोय. इतकी वर्षं दुकानात झेरॉक्स काढत बसलेला माणूस, समोर हे यंत्र, आणि डोक्यात एकच – ती नोंद. त्याला काहीतरी सापडलंय, आणि आज माझ्या घरात, माझ्या मुलासमोर, होणाऱ्या सुनेसमोर तो ते टेबलावर ठेवणार. हरकत नाही म्हणे. कशी असेल हरकत, त्याला तर आतच यायचं होतं.

तिनं बटण दाबलं. यंत्रानं 'टुक्' केलं – तोच आवाज – आणि काच ऊब धरत गेली. हात जवळ नेला तर दंडावरची लव उभी राहिली. हिरवा चौकोन वरच्या कोपऱ्यात उघडझाप करू लागला. प्रणय म्हणाला होता, चालू केलं की हे नेहमी लाइनवरच जागं होतं, बटण दाबून लोकलवर घ्यावं लागतं. तिनं डावीकडून दुसरं बटण दाबलं. काचेवर काहीही बदललं नाही. पण त्या नखभर टोकाखालून, जिथं मघापर्यंत अंधार होता, तिथून लाल उजेड झिरपला.

तिनं पट्टी उचलली. काडकन तुटलीच ती, अर्धी हातात आली. खाली टाचणीच्या डोक्याएवढे दोन दिवे शेजारी शेजारी होते, आणि त्यातला दुसरा पेटलेला. बटण दाबलं, पहिला पेटला. पुन्हा दाबलं, दुसरा. दोनच दिवे, ह्यासाठीच ठेवलेले – नोंद वर जातेय की नाही ते सांगायला – आणि मी त्यांच्यावर माझी यादी चिकटवली. सुबक अक्षरात. कुणी सांगितलं नव्हतं ते दिवे कशाचे... पण झाकायलाही कुणी सांगितलं नव्हतं.

छे, तरी काय झालं. ती ओळ मी पाहिली होती. लोकलवर असतं तर ती ओळ आली नसती. ती वरूनच यायची. तापलेलं पोर घरी असलं तरी बाई शिस्तीची होती मी. तिनं खुर्ची ओढली, बसली, आणि बोटांनी आपणहून वाट धरली. चार चार सात एक. तारीख. शून्य तीन. हिरवी अक्षरं टवटवीत, कोवळ्या हरभऱ्याच्या रंगाची. तिनं एंटर दाबलं. चौकोन मुकाट्यानं ओळीच्या सुरुवातीला जाऊन थांबला, बाकी काही नाही. बघा, म्हणजे कळतंच की. माणसाला कळतंच.

पडदा वाऱ्यानं हलला आणि पश्चिमेचं ऊन काचेवर तिरपं आलं. प्रयोगशाळेतही ती खिडकी पश्चिमेलाच होती, तीनच्या सुमारास असंच यायचं. तळाच्या काळोख्या भागात, सकाळी प्रणयची सावली पडली होती तिथं, अक्षरं होती. रेकॉर्ड सेव्ह्ड.

आणि क्षणभर तिला हायसं वाटलं. नोंद झाली. ती उठायलाही लागली, पर्ससाठी हात बाजूला गेला.

मग ती तशीच अर्धवट उभी राहिली. अक्षरं हिरवी नव्हती, तपकिरी होती. यंत्र कुठल्याच कॉम्प्युटरला जोडलेलं नव्हतं. तिनं बटण बंद केलं, चार चार सात एक विझलं, आणि ती ओळ तिथंच राहिली.

तेव्हाही इतकी गडद होती का? सहा वर्षंच झाली होती यंत्राला... पण रोजच्या दहा-बारा नोंदी, आणि प्रत्येक वेळी पुढचा फॉर्म उघडेपर्यंत ती ओळ तशीच. कारभारी म्हणायचा तसं मशीन तेव्हाही बंद असताना बोलत होतं. त्या दिवशी मी कुठली ओळ पाहिली – हिरवी की तपकिरी? तिनं डोळे मिटून पाहिलं. कडूबाईंचा निरोप आठवला, पर्सचा तुटका बंद आठवला, प्रणयच्या अंगाचा तापलेला वास आठवला. ओळीचा रंग आठवेना. तिला एवढंच कळलं की आपण तो कधी पाहिलाच नव्हता. ओळ तिथं असते, म्हणून ती तिथं होती.

घाईत पहिल्याऐवजी शेजारच्या दुसऱ्या बटणावर बोट पडलं असेल. आणि गोकुळ आला, त्यानं बंद केलं, चालू केलं. आठवी नोंद काचेवरच होती, काचेवरच गेली. यंत्र पुन्हा लाइनवर जागं झालं. त्यानं काही खोडलं नव्हतं.

तिची बोटं पांढुरकी झाली होती. कळांच्या फटींतून अजून शंखजिरं निघत होतं, इतक्या वर्षांनी. तिनं स्वयंपाकघरातून फडकं आणलं आणि कळा पुसायला लागली, एकेक, कडेनं, मग मधून, मग थांबली. एवढ्यासाठीच पुसायचा का तो? असेल. नसेलही. बाटलीचं काय मग? त्या फडक्याचा एक उलगडा झाला म्हणून सगळ्याच फडक्यांचा झाला, असं मी मानायचं का? तिला रागही आला, कुणाचा ते नीटसं कळेना. पण ज्या गोष्टीसाठी त्याला घरी बसवलं ती त्यानं केली नव्हती. मस्ती म्हणून जे आयुष्यभर आठवलं, ते त्या वेळी फक्त एका तरण्या पोराचं तोंड होतं, भेदरलेलं.

चार वाजून वीस मिनिटं झाली होती. प्रणय येतच असेल. सांगायचं? मुलाला? की ज्या गोष्टीवर तुझ्या बापानं पेढे वाटले, तिच्यात...

तिनं अर्धी पट्टी बोटांत उलटसुलट केली. तुटलेलं टोक पांढरं होतं, ताजं. ते दुसरं टोक, उचललेलं, त्याच्या पाठीवर मात्र धुळीचा काळपट थर बसला होता, जुना, सगळीकडं सारखा. कुणी अलीकडं उचललेलंच नव्हतं ते. कदाचित कधीच नाही. उन्हाळ्यात सुटलं असेल, वर दुसरी खोकी ठेवल्यावर सपाट झालं असेल. म्हणजे त्याला काहीच कळलेलं नाही? म्हणजे एक जुना माणूस, आपल्या जुन्या जागेची एक वस्तू, आणि होणाऱ्या विहीणबाईला बरं वाटावं म्हणून पाठवलेली भेट, एवढंच? तिला ओळखू येईल, एवढंच?

सकाळपासून तिला भीती होती ती त्याला कळलं असेल ह्याची. आता ती अगदी उलट काहीतरी मागत होती, हात जोडून मागावं तसं – की त्याला कळलेलं असू दे. त्यानं यावं आणि बोलून टाकावं, शिव्या द्याव्यात हवं तर. नाहीतर हे जगात एकट्या मलाच ठाऊक आहे, आणि मग ते मीच बोलायला हवं, आणि मी बोलणारी बाई आहे हे तर सगळ्यांना माहीत आहे.

ती स्वयंपाकघरात गेली. नव्या पाण्याची कळशी गाळून ठेवलेली होती. तिनं तांब्या भरला, पाच पेले ट्रेमध्ये मांडले, एकावर बोटाचा पांढरा ठसा उमटला तो पदरानं पुसला. दाराशी गाडी थांबल्यासारखी वाटली, नसेलही. काय बोलायचं ते तिला अजून सापडलं नव्हतं. पण तो आत येईल, बसेल, आपण ट्रे पुढं करू, आणि तोंडून पहिला शब्द निघायच्या आधी आपले डोळे त्या पेल्यावर जातील, तो उचलतो की नाही ते पाहायला, हे मात्र तिला आत्ताच पक्कं ठाऊक होतं.